कोल्हापूर ते तिरुपती विमानानं नक्की किती वेळ?

रंकाळाकाठ:
मंडळी, आईला घेऊन बालाजीला जायचंय. दरवेळी हरिप्रिया एक्स्प्रेसनं जातो पण आता गुडघे लई धरलेत तिचे, वीस तासांच्या वर बर्थवर पाय आखडून बसवत नाही म्हणतीय. म्हणून विमान बघतोय, तर नेटवर एकीकडं अंतर साडेसहाशे किमी आणि दुसरीकडं आठशेच्या वर, वेळ पण कुठं सव्वा तास कुठं पावणेदोन. खरं काय धरायचं?

पंचगंगा_घाट:
दोन्ही बरोबर हायत की भावा. साडेसहाशे हे उजळाईवाडी म्हणजे आपला कोल्हापूर विमानतळ ते रेणीगुंटा म्हणजे तिरुपतीचा विमानतळ, सरळ रेषेत, आठशेच्या वरचं गाडीरस्त्याचं, बेळगाव हुबळी करत पुढं बळ्ळारी अनंतपूर कडपा असं वळसे घेत जातं ते. सव्वा तास म्हणजे कुणीतरी नुसता भागाकार केलाय, एटीआर म्हणजे पंख्याचं छोटं विमान ताशी पाचशे किमीच्या आसपास जातं म्हणून. पण रनवेपर्यंत रांगत जाणं, वर चढणं, उतरताना वळून येणं हे कोण धरणार, त्यामुळं एटीआर असेल तर दीड ते पावणेदोन धरून चला. तिकिटावरची वेळ पण जागचं हलल्यापासून तिकडं थांबेपर्यंतची असते, नुसती हवेतली नाही.

उजळाईवाडीकर:
आधी थेट विमान तुमच्या तारखेला हाय का बघा, वेळापत्रक सारखं बदलतंय. हैदराबाद करून गेलात तर हवेतच साडेचारशे अधिक सव्वाचारशे किमी होतात, म्हणजे गाडीरस्त्याएवढंच की वो 😀 वर तिथं विमान बदलायला दोन-तीन तास, आणि तो एअरपोर्ट केवढा मोठा! आईंसाठी व्हीलचेअर बुकिंग करतानाच सांगून ठेवा, ऐनवेळी धावाधाव नको. आणि पावसाळ्यात जात असाल तर एक दिवस हातचा ठेवा, ढग खाली आले की आमच्या इथलं काय खरं नसतंय, मागं एकदा आमचं विमान कोल्हापूरवर घिरट्या घालून परत गेलं, कंपनीनं पुढचं काय धड सांगितलंच नाही.

मिरजेची_सून:
एवढा हिशोब करताय पण दर्शनाचं तिकीट काढलंय का? तीनशे रुपयांचं स्पेशल एन्ट्री महिने महिने आधी भरतं, आधी ते हातात घ्या मग विमान काढा, उलटं केलं की तिकडं जाऊन रांगेत बसायचं आणि वाचवलेला वेळ सगळा तिथंच जायचा. घरातून निघायचं ते विमानाच्या अडीच तास आधी धरा, काउंटर तासभर आधी बंद होतंय. पलीकडं उतरल्यावर गावात यायला अर्धा तास, आणि वर तिरुमलाला बसनं तासभर घाटातनं. थेट विमान असलं तरी सहा-सात तास जातात सगळे मिळून. येताना लाडूचं वजन सामानात धरा, आणि जाताना ओटीत सुक्या खोबऱ्याची वाटी असेल तर ती घरीच ठेवा, विमानात चालत नाही.

रंकाळाकाठ:
लई भारी माहिती. सहा-सात तास तर आईला चालतील. पण ती म्हणतीय अलिपिरीपासनं पायऱ्या चढूनच जायचं, नवस हाय, साडेतीन हजारांच्या वर पायऱ्या! आता तिला कोण समजावणार?

मिरजेची_सून:
गुडघे धरलेत म्हणून विमान आणि वर पायऱ्या 🙏 पहिल्या थोड्या चढू द्या, तिथंच नमस्कार करून बसनं वर न्या.