वर्गात मोबाईल: सकाळी जमा करायचा, की दप्तरात बंद ठेवायचा?

खडूफळा
माध्यमिकच्या मुलांचे फोन हजेरीच्या वेळी जमा करावेत आणि शाळा सुटतानाच परत द्यावेत. तासागणिक गोळा करू नयेत. ४० फोन घ्यायला-द्यायला ४ मिनिटं धरली तरी ७ तासांत २८ मिनिटं गेली, म्हणजे जवळजवळ एक तासिकाच! हजेरी क्रमांक टाकलेल्या कप्प्यांचा कापडी फलक दाराशी लावला की रिकामा कप्पा लांबूनही दिसतो. फोन पूर्ण बंद हवा. नुसता सायलेंट चालणार नाही.

शेवटचा_बाक
रिकामा कप्पा दिसतो हो, पण भरलेल्यात काय आहे? घरातला बिघडलेला जुना फोन कप्प्यात, चालू फोन कंपासपेटीत. स्मार्टवॉच मनगटावर आहेच. शिवाय काच तडकली तर भरपाई कोण देणार? फोन बंद करून दप्तरात ठेवू द्या. वर्गात दिसला तरच जप्त.

खडूफळा
दप्तर बाकाखालीच असतं, हात घातला की झालं. मग प्रत्येक शिक्षकाने तास सोडून पहारा द्यायचा. जुन्या फोनवर उपाय आहे: फोन चालू करून दाखवायचा, समोरच बंद करायचा. रोज सगळ्यांचा नको, कोणत्याही ५ क्रमांकांचा पुरे. घड्याळही त्याच कप्प्यात. काचेचा आधीचा तडा नोंदवहीत लिहून सही घ्यावी, आणि भरपाईचा नियम वर्षारंभी पालकांकडून लेखी. हा कागद नसेल तर पहिल्याच भांडणात योजना गुंडाळावी लागते.

आकडेमोड
इंग्लंडमधल्या शाळांवरच्या २०१५ च्या अभ्यासात बंदीनंतर निकाल सुधारले, तेही मुख्यतः मागे पडणाऱ्या मुलांचे. स्वीडनमध्ये तसाच अभ्यास झाला, तिथे फरक सापडला नाही. २०२५ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाने ३० शाळा पाहिल्या: बंदी असलेल्या शाळांतल्या मुलांचं मानसिक स्वास्थ्य काही वेगळं नव्हतं. घरी गेल्यावर फोन हातात येतोच ना! तेव्हा बंदी हवी तर तासातल्या लक्षासाठी आणा, बाकीची आश्वासनं पालकसभेत देऊ नका.

शेवटचा_बाक
हे पटलं. पण सरसकट नियमात एक खोट राहतेच. टाइप १ मधुमेहाच्या मुलाचा ग्लुकोज सेन्सर ब्लूटूथने फोनला जोडलेला असतो. फोन बंद केला किंवा दूरच्या कपाटात गेला, तर साखर घसरल्याचा इशारा फोनवर वाजणारच नाही.

खडूफळा
त्याचा फोन चालू आणि त्याच्याजवळच. ही सवलत लेखी करून बदली शिक्षकालाही दिसेल अशी हजेरीपटाला लावावी. बाकी ३९ कप्प्यांत.