अंड्यात व्हायरस टोचून जीएम (जीनमध्ये बदल केलेली) कोंबडी? कसं काय जमतं हे

गोंधळलेला_बाळू:
उंदराचं कळलं, फलित पेशीत सुईने डीएनए सोडतात. मग कोंबडीलाही तसंच का नाही करत, मध्ये व्हायरस कशाला? आणि तो नंतर खुराड्यात पसरत नाही का? प्लीज नीट सांगा, नुसती लिंक फेकून पळू नका.

पेशीपुराण:
कारण अंडं हातात येईस्तोवर उशीर झालेला असतो. कवच चढायला वीसेक तास लागतात आणि तोवर आत विभाजन चालूच, त्यामुळे ताज्या अंड्यात बलकावरच्या त्या फिकट ठिपक्यात एक पेशी नाही, ५०-६० हजार असतात, एकेकीला सुईने कुठे गाठणार. म्हणून कवचाला बारीक खिडकी पाडून ठिपक्याखालच्या पोकळीत व्हायरस सोडतात, तो पेशीत शिरून जीन क्रोमोसोममध्ये घालतो, पण सगळ्यांत नाही, काहींतच. म्हणजे पहिलं पिल्लू सरमिसळ. त्यातला कोंबडा मोठा झाला की वीर्य तपासायचं, जीन सापडला तर साध्या कोंबड्यांत सोडायचा, पूर्ण जीएम पिल्लू मिळालं तर ते पुढच्या पिढीत. २००४ मध्ये एडिंबरोच्या रोझलिन इन्स्टिट्यूटने लेंटिव्हायरस (रेट्रोव्हायरसचाच एक प्रकार) वापरला तेव्हा एखाद्या कोंबड्याच्या ४ टक्केच पिल्लांत जीन उतरला, एखाद्याच्या ४५ टक्के. ४ ऐकून हसू नका, आधी वापरलेल्या इतर रेट्रोव्हायरसचे आकडे बघितले तर हे भारीच आहे.

निमा_के:
पसरण्याबद्दल, ८०च्या दशकात मिशिगनमध्ये सुरुवातीला खरंच वाढणारा ल्युकोसिस व्हायरस (कोंबड्यांना कॅन्सर करणारा) टोचलेला, तेव्हा ही भीती रास्त होती. आताच्या वेक्टरमधून, म्हणजे जीन पोचवायला वापरतात त्या व्हायरसमधून, व्हायरसचे स्वतःचे जीन काढलेले असतात, एकदा पेशीत शिरला की पुढे नवा व्हायरस बनवायला सामानच नाही.

पोल्ट्रीवाला:
आम्हाला काय उपयोग पण? आणि लोक ब्रॉयलरलाच जीएम म्हणतात, गिऱ्हाइकाला समजावून थकलो राव

निमा_के:
ब्रॉयलर जीएम नाही, पिढ्यान्‌पिढ्या जास्त वाढणारे पक्षी निवडून पैदास केलीय, बास. उपयोगाचं म्हणाल तर २०११ मध्ये केंब्रिज आणि रोझलिनने अशाच पद्धतीने बर्ड फ्लूवर कोंबड्या केल्या. स्वतः आजारी पडल्या पण शेजारच्या पक्ष्यांना फ्लू दिला नाही, शेडवाल्याला हेच तर हवं ना.

पेशीपुराण:
आणि खाण्यापेक्षा औषधात जास्त पुढे गेलंय हे प्रकरण. अमेरिकेत २०१५ ला कनुमा नावाचं औषध मंजूर झालं, लायसोसोमल अ‍ॅसिड लायपेज (पेशीतली चरबी मोडणारं एन्झाइम) कमी असलेल्या पेशंटसाठीचं एन्झाइम, जीएम कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्यातून काढतात. त्या कोंबड्या किंवा त्यांची अंडी बाजारात खायला येत नाहीत, गिऱ्हाइकाला हेही सांगा.