‘अभिलेख आढळून येत नाही’ असे लेखी उत्तर आल्यानंतर माहिती अधिकारात पुढचा मार्ग कोणता?

सोसायटीचा सचिव

नमस्कार. आमची गृहनिर्माण संस्था एका नगरपरिषदेच्या हद्दीत असून इमारत १९८८ मध्ये पूर्ण झालेली आहे. विकासकाने जमिनीचे अभिहस्तांतरण करून दिले नाही, म्हणजे तिची मालकी संस्थेच्या नावे केली नाही; ते स्वतः आता हयात नाहीत आणि वारसांनी हात वर केले आहेत. म्हणून मोफा (महाराष्ट्र सदनिका मालकी) कायद्याच्या कलम ११ खाली मानीव, म्हणजे विकासकाच्या सहीशिवाय होणाऱ्या, अभिहस्तांतरणासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करण्याचे आम्ही ठरवले आहे आणि त्या अर्जासोबत जोडण्यासाठी मंजूर बांधकाम नकाशाची प्रमाणित प्रत हवी आहे.

नगरपरिषदेकडे माहिती अधिकारात बांधकाम परवानगी, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र यांच्या प्रती मागितल्या. तीस दिवस संपता संपता एका ओळीचे उत्तर आले: “सदर अभिलेखाचा शोध घेतला असता तो आढळून येत नाही, सबब माहिती पुरविता येत नाही.” पहिले अपील केले. सुनावणीत अपिलीय अधिकाऱ्यांनी पुन्हा शोध घेऊन पंधरा दिवसांत माहिती द्यावी असा आदेश केला आणि त्यानंतर पहिल्याच उत्तराची जवळजवळ नक्कल, फक्त नवा जावक क्रमांक घालून, आमच्या हाती आली. बांधकाम विभागातील कर्मचारी तोंडी सांगतात की कार्यालय जुन्या इमारतीतून नव्या इमारतीत हलवले तेव्हा बरेच गठ्ठे इकडचे तिकडे झाले. हे कोणीही लिहून द्यायला तयार नाही.

जे कार्यालयात सापडतच नाही ते द्या असा आदेश राज्य माहिती आयोगाने केला तरी त्याचा उपयोग काय, असा प्रश्न आमच्या कार्यकारिणीत विचारला जात आहे. दुसरे अपील करावे की तक्रार करावी, आणि तोपर्यंत नकाशा अन्य कोठून मिळू शकतो, याबद्दल अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना अभिलेखपाल

सेवेतील बराच काळ मी अभिलेख कक्षात घालवला आहे, त्यामुळे आधी कार्यालयाच्या बाजूने हे प्रकरण कसे दिसते ते सांगतो. ‘आढळून येत नाही’ या शब्दांच्या आड तीन अगदी वेगळ्या परिस्थिती दडवता येतात. अशी संचिका कधी तयारच झाली नव्हती. किंवा ती तयार झाली आणि मुदत संपल्यावर नियमानुसार नष्ट केली. किंवा ती ठेवायला हवी होती आणि हरवली. यांपैकी नेमके काय घडले हे सांगणे जन माहिती अधिकाऱ्याला अडचणीचे असते, म्हणून तो ते मोघम ठेवतो. तुमचे पुढचे सगळे काम हा मोघमपणा काढून टाकण्याचे आहे.

शासकीय कागद एकटा कधीच नसतो. अर्ज आला की आवक नोंदवहीत क्रमांक पडतो, तो ज्या कर्मचाऱ्याकडे गेला त्याच्या कार्यविवरण नोंदवहीत उतरतो, शुल्क भरले की पावती पुस्तकात आणि रोखवहीत नोंद होते, परवानगी दिली की जावक क्रमांक पडतो. काम संपले की प्रकरणाचे वर्गीकरण होते: अ वर्ग कायमचा, ब वर्ग तीस वर्षांचा, क वर्ग त्याहून कमी मुदतीचा आणि ड वर्ग एका वर्षाचा. सहा गठ्ठा पद्धतीत अभिलेख कक्षाकडे जाणारी प्रकरणे पाचव्या गठ्ठ्यात आणि नष्ट करायची सहाव्यात बांधली जातात. कक्षात आलेल्या संचिकेची यादी असते, कोणी ती बाहेर नेली तर तिच्या जागी चिठ्ठी ठेवण्याची पद्धत असते आणि निंदणीकरण, म्हणजे मुदत संपलेले अभिलेख निवडून नष्ट करण्याचे काम, केले तर काय नष्ट केले याची यादी सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीनिशी ठेवावी लागते. कर्मचाऱ्याची बदली होते तेव्हा कार्यभार हस्तांतरणाची यादी होते. तुमचे कार्यालय खरोखरच एका इमारतीतून दुसरीत गेले असेल तर वाहतुकीचे देयक कोणीतरी काढले असेल आणि हलवलेल्या दप्तराची यादीही कोणीतरी केली असेल, निदान करायला हवी होती.

म्हणून आता संचिका मागू नका. एक नवा, वेगळा अर्ज करून या नोंदवह्या मागा: १९८५ ते १९८८ या काळातील बांधकाम परवानगी नोंदवही, त्याच वर्षांची बांधकाम विभागाची जावक नोंदवही, अभिलेख कक्षात जमा संचिकांची यादी, निंदणीकरणाच्या मंजुरीचे आदेश व याद्या, आणि बांधकाम लिपिकाच्या पदाच्या कार्यभार हस्तांतरण याद्या. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयापुरता आणि साधारण दीडशे शब्दांत बसवावा लागतो, तेव्हा ‘अमुक कालावधीतील बांधकाम परवानगी अभिलेखांचे जतन व नाशन’ हा विषय धरलात तर हे सारे त्यात सामावते. ‘संचिका का हरवली’, ‘जबाबदार कोण’ असे प्रश्न अर्जात घालू नका, कारण कारणमीमांसा तयार करून देणे जन माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही आणि त्याला नकाराचे आयते निमित्त मिळते.

याहून सोपे म्हणजे स्वतः जाऊन पाहणे. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयानुसार जिल्हा व त्याखालील पातळीवरील कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत नागरिकांना अभिलेख अवलोकनासाठी खुले ठेवायचे आहेत. नोंदवहीत तुमच्या भूखंडाची ओळ सापडली तर ‘आढळून येत नाही’ या उत्तरातला निम्मा जीव तिथेच गेला.

दुसरे अपील

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. कायद्याची बाजू थोडी जोडतो.

माहिती अधिकार अधिनियमात माहिती नाकारण्याची कारणे कलम ८ आणि ९ मध्ये दिलेली आहेत आणि ‘संचिका गहाळ’ हे कारण त्यांत कोठेही नाही. उलट कलम ४(१)(क) प्रमाणे सर्व अभिलेख सूचीबद्ध व निर्देशांकित ठेवणे हे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे आणि कलम १९(५) प्रमाणे नकार समर्थनीय होता हे सिद्ध करण्याचा भार जन माहिती अधिकाऱ्यावर असतो. दिल्ली उच्च न्यायालयाने १३ सप्टेंबर २०१३ रोजी भारत संघ विरुद्ध विश्वास भांबुरकर या प्रकरणात असे म्हटले की जी माहिती एकेकाळी कार्यालयात होती ती आता सापडत नाही एवढे सांगून प्राधिकरणाला सुटता येणार नाही. कसून शोध घ्यावा लागेल आणि तरीही ती मिळाली नाही तर जबाबदारी निश्चित करावी लागेल, त्यासाठी चौकशीचा आदेश देण्याचा अधिकार आयोगाला आहे. तो निर्णय आपल्या राज्य आयोगावर थेट बंधनकारक नसला तरी युक्तिवादात त्याला वजन आहे.

तक्रार की अपील, याचे उत्तर स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने मणिपूरच्या प्रकरणात, डिसेंबर २०११ मध्ये, ठरवून दिले की कलम १८ खालच्या तक्रारीत आयोग दंड करू शकतो पण माहिती द्या असा आदेश देऊ शकत नाही. तो कलम १९ खालच्या अपिलातच मिळतो. तुम्हाला नकाशा हवा आहे, म्हणून दुसरे अपील करा. अर्जाचा नमुना जोडपत्र ‘क’, वीस रुपयांचा न्यायालयीन मुद्रांक, मुदत नव्वद दिवस. मुदतीचा हिशेब पहिल्या अपिलाच्या आदेशापासून धरा, पुन्हा आलेल्या त्या नक्कल उत्तरापासून नव्हे, म्हणजे वाद उरणार नाही.

कार्यकारिणीच्या प्रश्नाचे उत्तर अपिलातील मागणीच्या परिच्छेदात आहे, आणि बहुतेक अर्जदार नेमके तिथेच ‘माहिती मिळावी ही विनंती’ असे लिहून मोकळे होतात. तुम्ही मागा की कलम १९(८)(क) खाली अभिलेखांची देखभाल व व्यवस्था सुधारण्याचे निर्देश द्यावेत. शोध कोणी, कोणत्या कपाटांत, कोणत्या दिवशी घेतला याचे शपथपत्र घ्यावे. अन्य कार्यालयांकडून प्रती मिळवून संचिकेची पुनर्बांधणी करण्यास सांगावे. आणि कलम १९(८)(ख) खाली झालेल्या हानीची भरपाई द्यावी. पुनर्बांधणी ही काही जगावेगळी मागणी नाही. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली तेव्हा जळालेल्या संचिका खालच्या कार्यालयांत असलेल्या प्रतींच्या आधारे पुन्हा उभ्या कराव्या लागल्याच होत्या. शासन स्वतःच्या कामासाठी जे करते ते नागरिकासाठीही करता येते.

दंडाची, म्हणजे दिवसाला २५० आणि जास्तीत जास्त २५,००० रुपयांची, मागणी जरूर करा, पण तिच्यावर फार भिस्त ठेवू नका. १९८८ ची संचिका हरवल्याबद्दल आज त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला दंड करताना आयोग हात आखडता घेतो, आणि खरे सांगायचे तर त्यात फारसे चूकही नाही.

सरळ मार्ग

आपण सगळे फार सौम्य बोलत आहात असे मला वाटते. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ मध्ये अभिलेख बेकायदेशीरपणे नष्ट करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. मग दोन-दोन वर्षे आयोगाच्या तारखेची वाट पाहण्यात काय अर्थ आहे? सरळ पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी. आदर्श सोसायटीच्या प्रकरणात नगरविकास विभागाच्या संचिकेतील कागद गायब झाल्याचे उघड झाले तेव्हा गुन्हा नोंदवून सीबीआयने तपास केलाच होता. बिल्डर आणि कार्यालय यांचे साटेलोटे असल्याशिवाय नेमका नकाशाच कसा हरवतो?

जुना अभिलेखपाल

आपला संताप समजतो, परंतु त्या कायद्यातील शिक्षा कलम ४ आणि ८ चा भंग झाल्यास, म्हणजे अभिलेख राज्याबाहेर नेल्यास किंवा विहित पद्धती डावलून नष्ट केल्यास आहे. ओल लागून कुजलेला किंवा चुकीच्या गठ्ठ्यात बांधलेला कागद त्यात ओढून बसवणे कठीण असते. आदर्शमध्ये विशिष्ट पाने एका चालू संचिकेतून गेली होती. इथे तसा कोणताही पुरावा अद्याप पुढे आलेला नाही. आणि एक व्यवहाराची गोष्ट: गुन्हा नोंदला गेला की उरलेले दप्तरही तपासासाठी ताब्यात जाते आणि मग नोंदवही मागितली तरी ‘मूळ कागदपत्रे पोलिसांकडे आहेत’ हे नवे उत्तर तयार होते.

त्याऐवजी त्याच कायद्याचे कलम ७ वापरा. अनधिकृतपणे हलवलेला वा नष्ट झालेला अभिलेख परत मिळवण्यासाठी तातडीने कार्यवाही करणे हे कार्यालयाच्या अभिलेख अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. मुख्याधिकाऱ्यांना पत्र लिहून विचारा की नगरपरिषदेत अभिलेख अधिकारी म्हणून कोणाला नामनिर्देशित केले आहे आणि या संचिकेबाबत त्यांनी कोणती कार्यवाही केली. पुष्कळ ठिकाणी असा अधिकारी नेमलेलाच नसतो, त्यामुळे या साध्या पत्राने कार्यालयात जी धावपळ होते ती पोलिसांच्या नावाने होत नाही.

नगर रचनेतला एक

नकाशा अन्य कोठे मिळेल, हा तुमचा प्रश्न मागे पडला आहे, म्हणून लिहितो. त्या काळात लहान नगरपरिषदा बांधकामाचे आणि रेखांकनाचे प्रस्ताव तांत्रिक अभिप्रायासाठी नगर रचना विभागाच्या शाखा कार्यालयाकडे पाठवत असत. तुमचा प्रस्ताव तसा गेला असेल तर तिकडे नकाशाची एक प्रत राहिलेली असण्याची शक्यता चांगली आहे. जमीन बिनशेती केली असेल तर तो आदेश आणि सोबतचा रेखांकन नकाशा महसूल खात्याच्या दप्तरात असतो. तलाठ्याकडचा गाव नमुना २ पाहिलात तर बिनशेती आदेशाचा क्रमांक व दिनांक मिळेल आणि त्यावरून तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात मागणी करता येईल. सदस्यांच्या जुन्या करारनाम्यांना पुष्कळदा मंजूर नकाशाची छायाप्रत परिशिष्ट म्हणून जोडलेली असते, ती दुय्यम निबंधकांकडून प्रमाणित करून मिळते. संस्थेच्या नोंदणीच्या वेळी उपनिबंधकांकडे दिलेल्या कागदांतही पाहा. ज्या सदस्यांनी तेव्हा घरासाठी कर्ज घेतले होते त्यांच्या बँकेच्या कागदांत नकाशा सापडल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

सोसायटीचा सचिव

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सोमवारी दुपारी आमचे दोन सदस्य नगरपरिषदेत जाऊन आले. बांधकाम परवानगी नोंदवही दाखवण्यास सुरुवातीला टाळाटाळ झाली, परंतु शासन निर्णयाची प्रत समोर ठेवल्यावर ती बाहेर आली. वहीची शिवण उसवलेली आहे, तरी १९८६ च्या पानावर आमचा सर्व्हे क्रमांक, विकासकाचे नाव, परवानगी क्रमांक आणि दिनांक अगदी स्वच्छ अक्षरात आहे. शेऱ्याच्या रकान्यात ‘प्रत: नगर रचनाकार’ असे लिहिलेले आहे. मोबाइलवर छायाचित्र घेऊ दिले नाही. आता नगर रचना कार्यालयाकडे अर्ज करताना आणि दुसऱ्या अपिलात ही नोंद कशी मांडावी?

दुसरे अपील

छायाचित्राचा आग्रह सोडा. त्याच पानाची प्रमाणित प्रत माहिती अधिकारात मागा. वही अस्तित्वात आहे हे त्यांनीच दाखवले असल्याने आता ती नाकारणे त्यांना अवघड जाईल. अवलोकनाला गेलेल्या सदस्यांनी त्याच दिवसाच्या तारखेचे पत्र देऊन, अमुक नोंदवहीचे अमुक पान पाहिले आणि त्यात पुढील नोंद आढळली असे लिहून, आवक शिक्क्याची पोच घ्यावी.

नगर रचना कार्यालयाच्या अर्जात इमारतीचा इतिहास लिहू नका. “नगरपरिषदेच्या परवानगी क्र. अमुक, दिनांक अमुक अन्वये मंजूर झालेल्या व आपल्या कार्यालयास प्रत पाठविलेल्या नकाशाची प्रमाणित प्रत मिळावी, तसेच सदर प्रस्तावाबाबत आपल्या कार्यालयाच्या आवक-जावक नोंदवहीतील नोंदींच्या प्रती मिळाव्यात” एवढेच पुरे. दुसरे वाक्य गाळू नका, कारण तिथूनही ‘आढळून येत नाही’ आले तर ते नोंदींसह यायला हवे.

दुसरे अपील मात्र नकाशा मिळेपर्यंत थांबवू नका, नव्वद दिवस त्यातच निघून जातील. नोंदवहीच्या पानाची प्रत हाती आली की ती पुरवणी कागद म्हणून आयोगाच्या खंडपीठाकडे पाठवा, एक प्रत जन माहिती अधिकाऱ्याला द्या आणि सोबतच्या पत्रात लिहा की परवानगी दिल्याची नोंद कार्यालयाच्याच नोंदवहीत असल्याने संचिका अस्तित्वात होती हे निर्विवाद आहे, आणि तिच्या नाशनाचा आदेश दाखवला गेलेला नाही. नगर रचना कार्यालयातून प्रत मिळाली तर त्याच प्रतीवरून नगरपरिषदेने आपली संचिका पुन्हा उभी करावी अशी मागणी सुनावणीत करता येईल, म्हणजे तुमच्या शेजारच्या इमारतीला हाच फेरा पडणार नाही.