ताशी 98 मैलांचा फास्टबॉल, पण वॉक 15%: बेसबॉलमधल्या अशा रिलीव्हरचं भविष्य कसं जोखायचं?

नववी_इनिंग:
समजा, डबल-एमध्ये (मेजर लीगच्या दोन पायऱ्या खालची मायनर लीग) 23 वर्षांचा उजव्या हाताचा रिलीव्हर (सामन्याच्या मध्यात दुसऱ्या पिचरच्या जागी येणारा पिचर) आहे. फास्टबॉल सरासरी 98, अधूनमधून 101. जोडीला 88 चा स्लायडर (शेवटी बाजूला आणि खाली वळणारा चेंडू). 40 इनिंगमध्ये समोर आलेल्या फलंदाजांपैकी स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) 33%, वॉक (चार बॉल झाल्याने फुकट पहिला बेस) 15%, इआरए (दर नऊ इनिंगमागे पिचरच्या नावावर लागणाऱ्या धावा) 2.40. (आकडे नमुन्यादाखल घेतलेत, पण असा एखादा पिचर बहुतेक संघांच्या मायनर लीगमध्ये सापडतोच.) इआरए पाहिला की याला उद्याच वर बोलवावं असं वाटतं, वॉक पाहिले की हात आखडतो. कशाला किती वजन द्यायचं?

साठफूटसहा:
इआरए आधी बाजूला ठेवा. 40 इनिंग म्हणजे जेमतेम 170 फलंदाज. त्यात रिलीव्हर दोन धावपटू बेसवर सोडून गेला, की त्याचा इआरए पुढच्या पिचरच्या हातात जातो. पुढच्याने इनिंग सावरली तर याचा आकडा स्वच्छ, नाहीतर त्या धावा याच्याच नावावर. इतक्या फलंदाजांत स्ट्राइकआउटचं प्रमाण बऱ्यापैकी भरवशाचं होतं. वॉकचं जरा उशिरा होतं. मैदानात पडलेल्या चेंडूंपैकी किती हिट गेले, यावरून तर एका मोसमात काहीच ठरवू नका.

आता ते 33% फोडून बघा. बॅट हुकते ती झोनच्या (चेंडू स्ट्राइक धरला जातो त्या चौकटीच्या) आत की बाहेर? माझ्या मते सगळी पारख या एका प्रश्नावर उभी आहे. डबल-एचे फलंदाज जमिनीत जाणाऱ्या स्लायडरवर बॅट फिरवतात. मेजर लीगचा फलंदाज तो सोडून देतो, काउंट 2-0 (दोन बॉल, एकही स्ट्राइक नाही) होतो आणि मग 98 चा फास्टबॉल झोनमध्ये टाकावाच लागतो. तो तिथे फलंदाजाला चुकवत असेल तर पिचर टिकेल. नसेल, तर खालच्या लीगमधले बरेचसे स्ट्राइकआउट वर गेल्यावर वॉक होतात.

आणि फास्टबॉलचा नुसता वेग पाहू नका, आकार पाहा. फोर-सीमचा (नेहमीच्या सरळ फास्टबॉलचा) 'इंड्यूस्ड व्हर्टिकल ब्रेक' म्हणजे केवळ गुरुत्वाकर्षणाने चेंडू जितका खाली यायला हवा, त्यापेक्षा तो किती इंच कमी खाली आला. सरासरी 15-16 च्या आसपास. 18 च्या पुढे असेल तर झोनच्या वरच्या कडेला बॅट चेंडूच्या खालून जाते. 12-13 असेल आणि हातही उंचावरून येत असेल, तर फलंदाजाच्या डोळ्याला जे अपेक्षित आहे तेच घडतं. मग 98 सुद्धा सरळ बॅटवर येतो. एक्स्टेन्शनही बघा: सरासरी साडेसहा फुटांच्या आतबाहेर. सात फूट पुढे येऊन चेंडू सोडणारा तोच वेग जास्त भासवतो.

नुसता वेग पुरत नाही, हे पटण्यासाठी पिचर टायरॉन ग्युरेरो आठवा. मार्लिन्स या मेजर लीग संघाकडून 2018 आणि 2019 मध्ये शंभरी गाठायचा, तरी दोन्ही मोसमांत इआरए 5 च्या वर.

डावखुरा_बुलपेन:
वरच्या मुद्द्यांशी सहमत, पण 15% वॉक हा नुसता आकडा समजू नका, तो का आहे ते शोधा. मेजर लीगची सरासरी साधारण 8-9% आहे. 15 म्हणजे दर सातवा फलंदाज फुकट बेसवर. त्यात 2020 पासून किमान तीन फलंदाजांचा नियम आहे. हाताबाहेर गेलेल्या पिचरला मॅनेजर लगेच काढू शकत नाही. तीन फलंदाज तरी खेळवावे लागतात किंवा इनिंग संपावी लागते.

व्हिडिओ घ्या आणि सलग वीस चेंडू फक्त पुढच्या पायाकडे बघा. पाय दर वेळी त्याच जागी पडतोय, चेंडू मात्र थोडा वर किंवा थोडा बाहेर जातोय, तर प्रश्न चेंडू सोडण्याच्या वेळेचा आहे. तो सुधारतो. पाय कधी तिसऱ्या बेसकडे, कधी पहिल्या बेसकडे पडतोय आणि डोकं झटक्याने बाजूला जातंय, तर तो अंगातला जोर सगळा झोकून वेग काढतोय. तिथे 'जरा सावकाश टाक' म्हटलं की 98 चे 95 होतात आणि हातात काही उरत नाही.

नियंत्रणाविना वेगाचं टोक म्हणजे स्टीव्ह डाल्कोव्स्की. 1960 मध्ये स्टॉकटनच्या मायनर लीग संघात 170 इनिंगमध्ये 262 स्ट्राइकआउट आणि बरोबर 262 वॉक. मेजर लीगच्या नियमित मोसमात तो एकदाही उतरला नाही.

नववी_इनिंग:
झोनच्या आत बॅट किती हुकते हे डबल-एचं कुठे मिळतं?

साठफूटसहा:
डबल-एचं सार्वजनिक नाही. बेसबॉल सॅव्हंट या आकडेवारीच्या संकेतस्थळावर फ्लोरिडा स्टेट लीगचं 2021 पासून आणि सगळ्या ट्रिपल-एचं (मेजर लीगच्या लगेच खालची पायरी) 2023 पासून मिळतं. म्हणून तो ट्रिपल-एत चढला की पहिले दहा सामने नीट बघा. फक्त पॅसिफिक कोस्ट लीग (ट्रिपल-एमधली एक लीग) असेल तर मैदान तपासा. आल्बुकर्कीचं मैदान समुद्रसपाटीपासून 5,000 फुटांवर आहे. विरळ हवेत स्लायडर कमी वळतो आणि फास्टबॉलचा ब्रेकही घटतो. तिथल्या आकड्यांवरून पिचरला मोडीत काढू नका.

चाळीसजणांची_यादी:
कुणी करारांकडे पाहिलंच नाही. अशा पिचरचं नशीब निम्मं तिथे ठरतं. 18 व्या वर्षी किंवा आधी करार झाला असेल तर पाच मोसमांनी, 19 किंवा पुढे असेल तर चार मोसमांनी तो रूल 5 ड्राफ्टला (यादीत नसलेले खेळाडू दुसरे संघ उचलतात ती डिसेंबरातली निवड) खुला होतो. वाचवायचा तर मेजर लीग संघाच्या 40 जणांच्या यादीत घ्यावा लागतो. दुसऱ्या संघाने 1,00,000 डॉलर भरून उचलला, तर पूर्ण मोसम 26 जणांच्या मेजर लीग संघात ठेवावा लागतो, नाहीतर वेव्हर्सवरून (इतर संघांना आधी घेण्याची संधी देऊन) काढून 50,000 डॉलरला मूळ संघाला परत देऊ करावा लागतो. हरणाऱ्या संघाला 98 चा रिलीव्हर शेवटच्या जागी लपवणं परवडतं, म्हणून असे पिचर उचलले जातात.

एकदा यादीत आला की तीन ऑप्शन वर्षं, म्हणजे तेवढी वर्षं त्याला वेव्हर्सविना मायनरमध्ये पाठवता येतं. एका मोसमात जास्तीत जास्त पाच वेळा खाली पाठवता येतं. पिचरला खाली पाठवल्यावर साधारणपणे 15 दिवस वर आणता येत नाही, दुखापत झालेल्या खेळाडूच्या जागी आणायचा असेल तर सूट. ऑप्शन शिल्लक असलेला, वॉक देणारा पिचर संघ धीराने वापरतो. ऑप्शन संपले की तोच पिचर वेव्हर्सवर दिसतो.

शिवाय तो आधी स्टार्टर (सामन्याची सुरुवात करणारा पिचर) होता का बघा. योआन दुरान आणि मेसन मिलर हे वेगवान रिलीव्हर दोघेही मायनरमध्ये स्टार्टर होते. तीन पिच जमवण्याची सवय तिथे लागते. पहिल्या दिवसापासून बुलपेनमध्ये (रिलीव्हरांत) असलेल्याकडे बहुधा दोनच पिच असतात आणि डावखुऱ्या फलंदाजापुढे, विशेषतः आडवा वळणारा स्लायडर असेल तर, एकच उरते.

डावखुरा_बुलपेन:
त्यात दोन गोष्टींची भर. लागोपाठच्या दिवशी टाकताना वेग किती उतरतो ते लिहून ठेवा. एक मैल चालतो. अडीच-तीन उतरत असतील तर त्याच्यावर रोजची जबाबदारी टाकता येणार नाही. आणि वेगाबरोबर नियंत्रणही एकदम ढासळलं, तर आधी कोपराचा विचार करा. टॉमी जॉन शस्त्रक्रिया म्हणजे 12 ते 18 महिने गेले.

धावपटू पहिल्या बेसवर असताना घड्याळ लावा. पहिल्या हालचालीपासून चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये पडेपर्यंत 1.3 सेकंद चांगले. 1.5 च्या पुढे असेल तर 2023 पासूनचे मोठे बेस आणि पिकऑफवरची (बेसवरच्या धावपटूला बाद करायच्या फेकींवरची) मर्यादा धरता दुसरा बेस फुकट जातो. म्हणजे वॉकचा जवळजवळ डबल (दोन बेसचा फटका).

नववी_इनिंग:
म्हणजे माझ्या नमुन्यातल्या पिचरला यादीत घ्यायचं का?

साठफूटसहा:
ब्रेक 17 च्या वर आणि पुढचा पाय स्थिर असेल तर हो, वॉक 15 असले तरी. ब्रेक 13 असेल तर फोर-सीम कमी करून सिंकर (खाली जाणारा फास्टबॉल) किंवा कटर (किंचित बाजूला वळणारा) शिकवून एक मोसम बघेन, पण 40 मधली जागा देणार नाही.

चाळीसजणांची_यादी:
दुसऱ्या बाबतीत मी अजूनही जागा देईन. डिसेंबरात तो कुणीतरी उचलेल आणि सिंकर तिथे शिकेल.