मदत हवी आहे: प्रॉप आणि लेवी-स्ट्रॉस एकाच प्रकरणात चालतील का?

एम.ए. मराठीच्या प्रबंधिकेसाठी अंबाजोगाई-परळीकडच्या बायकांकडून श्रावणातल्या कहाण्या लिहून घेतल्या आहेत. त्यांना रशियन लोककथा-अभ्यासक व्लादिमीर प्रॉपची (१९२८) ३१ कार्ये, म्हणजे कथेत ठरावीक क्रमाने येणाऱ्या कृती, लावून पाहिली. वसा घेणं, उतणं-मातणं, दैन्य येणं, पुन्हा वसा घेतल्यावर वैभव परतणं, हा क्रम मनाई, उल्लंघन, उणीव आणि उणिवेची भरपाई यांच्याशी सुरेख जुळतो. पण खलनायक बहुतेक कहाण्यांत नाहीच! आणि आवडती-नावडती, सासर-माहेर, घर-रान या जोड्या त्या क्रमात बसत नाहीत, त्यांना फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ लेवी-स्ट्रॉसची द्वंद्वंच (परस्परविरोधी जोड्या) लागतात.

अडचण इथेच आहे. लेवी-स्ट्रॉसने १९६० च्या लेखात प्रॉपला रूपवादी ठरवलं: रूपवाद रूप (कथेची बांधणी) आणि आशय वेगळे करतो, संरचनावाद (त्याची स्वतःची पद्धत) करत नाही. मार्गदर्शक म्हणतात, एकच पद्धत निवडा. भाषावैज्ञानिक याकोबसनमार्फत मॉस्कोचा रूपवाद ते प्रागचा संरचनावाद हा धागा वाचला आहे, त्यामुळे केवळ इतिहास नको. विषय नोंदवून झालाय, बदलता येणार नाही. इंग्रजी वाचू शकते, रशियन-फ्रेंच नाही.

आधी प्रॉपचा क्रम आणि मग त्याच कहाणीतली द्वंद्वं, अशी मांडणी सैद्धांतिकदृष्ट्या टिकेल का? टिकत असेल, तर रूप-आशयाच्या आक्षेपाला उत्तर काय द्यावं?