वकिलीतून सामाजिक न्यायाच्या कामाकडे: सनद चालू ठेवावी की थांबवावी?

कृष्णाकाठ:
सांगलीच्या जिल्हा न्यायालयात मी एका ज्येष्ठ वकिलांकडे काम करते. सनद मिळून दोन वर्षे होत आली. ऊसतोड मजुरांसाठी झटणाऱ्या एका संस्थेने पूर्णवेळ पगारी नोकरी देऊ केली आहे. पुढे आंतरराष्ट्रीय विकासाच्या क्षेत्रात काम करायचे आहे. त्यासाठी ही नोकरी धरावी, की थेट परदेशी शिक्षणासाठी अर्ज करावा? जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

निवृत्त वकील, सातारा:
बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी स्वीकारणाऱ्या वकिलाला तसे आपल्या राज्याच्या बार कौन्सिलला कळवून वकिली थांबवावी लागते. म्हणून पगाराऐवजी प्रकरणागणिक मानधन मिळेल का, हे संस्थेला आधी विचारा. गरजूंना मोफत वकील पुरवणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर सर्वसाधारणपणे तीन वर्षांच्या अनुभवानंतर नाव लागते. तेवढा काळ कोर्टात टिकून राहणे तुमच्या हिताचे आहे, कारण १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रियांना आणि वेठबिगारीला बळी पडलेल्यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि तुमचे अशील बहुधा तेच असतील.

कोयता:
तुम्हाला जागतिक प्रश्न शोधायला फार लांब जावे लागणार नाही. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, हंगाम सरला तरी फिटत नाही आणि ती फिटेपर्यंत ऊसतोड करणाऱ्या जोडप्याला अडवून ठेवले जाते, तेव्हा १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा लागू होऊ शकतो. त्यात कर्ज वेठबिगारीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी धनकोवर आहे, ही बाब युक्तिवादात फारच क्वचित मांडली जाते. सक्तीच्या श्रमाविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९३० चा करार क्रमांक २९ भारताने १९५४ मध्ये मान्य केला असून, त्याच्या अंमलबजावणीवर कामगार संघटनांना तेथे लेखी निरीक्षणे पाठवता येतात. स्वयंसेवी संस्थेला मात्र हे दार थेट उघडे नाही, तेव्हा एखाद्या कामगार संघटनेशी संबंध जोडून ठेवावा.

मिरजकर:
शिक्षणाबाबत एवढेच सांगतो की, ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षणानंतर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावे लागते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही आहे. अर्जात ध्येयवादाची पाने भरण्यापेक्षा आपण चालवलेली चार प्रकरणे नीट मांडावीत. ती मांडता येण्यासाठी वर्षभर कोर्टात राहिलात तर नुकसान काहीच नाही.