नाताळच्या जेवणाला ३४ माणसं. आयत्या वेळी तळायचं काहीही ठेवू नये, असं माझं मत

राजेंद्रनगरची सून
यंदा नाताळचं रात्रीचं जेवण आमच्याकडे आहे. मोजून ३४ माणसं. सासरचे सगळे ख्रिस्ती, मूळचे नगरचे, तीन पिढ्या इंदूरात. माझ्या माहेरचे नऊ जण येणार, त्यातल्या पाच जणांना अंडंही चालत नाही. मटण, पुलाव, भरली वांगी, पोळ्या बाहेरून, हे ठरलं. घरात भांडण पेटलंय ते आधी काय आणि शेवटी गोड काय यावरून.

गेल्या वर्षी जेवण जाऊबाईंकडे होतं. बाई सात वाजता कढईपाशी उभ्या राहिल्या त्या साडेनऊला बाहेर आल्या, तेव्हा लोक गोडावर पोचले होते. त्या रात्रीच्या एकाही फोटोत त्या नाहीत. तेव्हाच मी ठरवलं, माझ्याकडे जेवण आलं की पाहुणे दारात आल्यावर गॅसवर कढई चढणार नाही.

माझा बेत: खिम्याचे पॅटीस आणि मटारचे पॅटीस, दोन्ही बेकरीतून, ओव्हनमधे वेगवेगळ्या ट्रेमधे गरम करायचे. जोडीला हिरव्या चटणीची सँडविचेस. माणशी चार तुकडे धरले तर १३६ होतात, पुष्कळ झाले. गोडात आदल्या दिवशी करून ठेवलेलं एक मोठं ट्रायफल (केक, जेली आणि कस्टर्डचे थर) आणि प्लम केक. ख्रिसमस पुडिंग रद्द. ते फक्त मामेसासऱ्यांना लागतं आणि बाकीचे बशीत चिवडून ठेवतात.

बोला आता.

सराफ्याचा भिया
ताई, डिसेंबरात इंदूरला माणसं जेवायला बोलवायची आणि गराडू, म्हणजे आपला तळून खायचा कंद, नाही? पॅटीस तर जुलैतही मिळतो. गराडू चार महिने येतो आणि जातो. बाहेरगावचे नातलग सराफ्यात, आपल्या रात्रीच्या खाऊगल्लीत, अकरा वाजता कुडकुडत उभे राहतात ते कशासाठी? वरून जिरावन (आपला इंदुरी चटकदार मसाला), लिंबू पिळलेलं, जीभ भाजते तरी हात थांबत नाही. ते सोडून तुम्ही गार सँडविच देणार म्हणजे शाळेच्या सहलीचा डबा झाला.

राजेंद्रनगरची सून
आणि तो तळणार कोण? सराफ्यात तळणारा तळतो, तुम्ही खाता.

सराफ्याचा भिया
गराडू दोनदा तळतात, हे विसरताय. सोलून, तुकडे करून पहिला घाणा दुपारीच मंद आचेवर काढायचा, आतून शिजेपर्यंत, रंग येऊ न देता. मग झाकून ठेवा निवांत. पाहुणे आले की कडक तापलेल्या तेलात दोन-तीन मिनिटं, बास. ३४ जणांचं काम अर्ध्या तासात आटपतं. अडीच तास लागले म्हणजे जाऊबाईंनी कच्च्यापासून तळलं असणार.

स्नेहलतागंजची माई
अर्धा तास म्हणताय, तो पहिल्या फेरीचा. दुसऱ्यांदा मागणारे, उशिरा येणारे, "माझ्यासाठी जरा कुरकुरीत" म्हणणारे, हे कुठे धरलेत? मी ३० वर्षं माणसं जेवू घातली आहेत. तळण एकदा सुरू झालं की ते जेवणाआधी संपत नाही. सूनबाईंचं मत मला पटतं. पण त्यांचा बेत पटत नाही, तो का हे नंतर लिहिते, दूध उतू जातंय.

महूवाला
पुडिंगवाल्यांच्या बाजूने कुणी बोलणार नाहीये म्हणून मीच बोलतो. आमचं घर महूच्या छावणीतलं, आजोबा रेल्वेत. राजेंद्रनगरच्या ताईंचा नियम काय, तर पाहुणे आल्यावर काम नको. त्या नियमात चपखल बसणारा एकच गोड पदार्थ आहे आणि त्यांनी नेमका तोच काढून टाकला!

इंग्रजी रिवाजात पुडिंग आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार, लागण्याआधीच्या शेवटच्या रविवारी कालवतात. बेदाणे, मनुका, संत्र्याची साल, पावाचा चुरा, गूळ किंवा काळी साखर, अंडी, मसाला. विलायतेत त्यात गुरांची चरबी घालायचे, आमची आजी लोणी घालायची. कापड बांधून सहा-सात तास वाफवायचं आणि गार जागी ठेवून द्यायचं. मुरत जातं तसं ते चांगलं होतं. नाताळच्या दिवशी फक्त दोन तास परत वाफ. मोठ्या कुकरमधे शिट्टी काढून ठेवा, तळाला पाणी, मधेमधे पाणी बघा. पाहुणे मटण खात असतात तेव्हा ते आपलं आपण गरम होत असतं. मग पळीत ब्रँडी कोमट करून पेटवून वर ओतायची, दिवे मालवायचे. पोरं वर्षभर त्याचीच वाट बघतात. ट्रायफलसाठी कोणी दिवे मालवल्याचं मी ऐकलेलं नाही.

राजेंद्रनगरची सून
दिवे मालवले की आमच्याकडे दोन पोरं रडतात. शिवाय डिसेंबर लागला, तो रविवार गेला.

महूवाला
गेला तर गेला. आठ-दहा दिवस मुरलेलंही चांगलं लागतं. छोटं करा, मामांपुरतं. म्हाताऱ्या माणसाचा एकच हट्ट आहे, तोही वर्षातून एकदा.

अंडं नको गट
आम्ही त्या पाचांसारखे. दरवर्षी मित्राकडे नाताळला जातो आणि दरवर्षी "तुमच्यासाठी वेगळं ठेवलंय हं" म्हणून एक केविलवाणी बशी पुढे येते. वेगळं नको. सगळ्यांनी खावं असं काहीतरी असं करा की त्यात आम्हालाही चालेल.

दुसरं म्हणजे ट्रायफलमधली जेली. पाकिटातली साधी जेली जिलेटिनची असू शकते आणि जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांतून काढतात. अंडं न खाणारे ती कशी खातील? चायना ग्रास वापरा. तो समुद्री शेवाळापासून होतो आणि फ्रिजबाहेरही गोठतो, म्हणजे ३४ माणसांच्या स्वयंपाकात फ्रिजमधे जागाही अडत नाही. आणि ताजा अननस जिलेटिनमधे घालू नका, जेली धरतच नाही. अननसातला पाचकरस जिलेटिन तोडून टाकतो. डब्यातला चालतो, कारण तो उकळलेला असतो. माझ्या बहिणीने ताजा घातला होता, सगळ्यांनी वाटीतून सरबत प्यायलं.

स्पंज केकमधेही अंडं असतं, ते वेगळंच.

तिलकनगर ४१
या सगळ्यापेक्षा भुट्ट्याचा कीस करा ना. शाकाहारी, मऊ, म्हाताऱ्यांना चालतो, कुकरमधे गरम राहतो.

सराफ्याचा भिया
भुट्टा पावसाळ्यातला. डिसेंबरात गोठवलेले दाणे वाटाल तर पाणी सुटेल, आणि गोडमिट्ट मक्याचा कीस म्हणजे कीस नव्हे. सिझनचं खा, भिया.

स्नेहलतागंजची माई
आले. आता मगाचं राहिलेलं.

सूनबाई, तुमची यादी परत वाचा. पॅटीस मैद्याचे. सँडविच मैद्याच्या पावाचं. केक मैद्याचा. ट्रायफलच्या तळाला पुन्हा केकच. मधे पोळ्या, पुलाव. माणूस साडेआठला भरलेला आणि मटण पातेल्यात. आधीच्या पदार्थाचं काम भूक जागी करायचं असतं, ती पुरून टाकायचं नाही.

आणखी एक गोष्ट, जी तुम्ही ख्रिस्ती घरातल्या असून लिहिली नाहीत याचं नवल वाटलं. आमच्या शेजारी नगरकडचं ख्रिस्ती कुटुंब होतं. त्यांच्याकडे नाताळला आपल्या दिवाळीसारखाच फराळ व्हायचा, करंज्या, चकल्या, अनारसे, शंकरपाळे. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजत. सकाळी चर्चहून आले की ताटं घरोघर जायची, दिवसभर ये-जा आणि प्रत्येकाच्या हाती बशी. मग रात्री पुन्हा स्टार्टर? हा शब्दच हॉटेलातून घरात घुसलाय. दिवसभर गोड-तळकट खाल्लेल्या माणसाला संध्याकाळी आंबट-तिखट आणि हलकं काहीतरी हवं.

राजेंद्रनगरची सून
माई, हे लागलं. फराळ आमच्याकडे सासूबाई करतात, आजही. सकाळपासून डबे उघडेच असतात. मी तो घरातलाच धरला, मोजलाच नाही.

मैद्याचंही खरं आहे. सँडविच काढते. त्याजागी जाम ठेवू का? (पुण्या-मुंबईच्या वाचकांनो, पेरू. आपल्याकडे जाम म्हणतात.) सध्या बाजारात उत्तम येतोय. फोडी, लिंबू, जिरावन. कापायला दोन पोरांना बसवीन. पॅटीस फक्त एक-एक, खिम्याचे २५, मटारचे १५.

साकेतचा संशयी
म्हणजे ख्रिसमस डिनरला पेरू? पाहुणे हसतील. वर्षातून एक दिवस आहे, जरा थाट असू दे. सगळं सोपं, सगळं आधी केलेलं, सगळं हलकं करत गेलात तर ती मंगळवारची रात्र होते. कष्ट दिसले पाहिजेत. आमच्या आईने कधी तक्रार केली नाही.

स्नेहलतागंजची माई
तुमच्या आईला कुणी विचारलं होतं का?

अंडं नको गट
जाम-जिरावन आम्हाला पळेल. पहिल्यांदाच वेगळी बशी नाही.

साकेतचा संशयी
विषय भलतीकडे नेऊ नका. माझं म्हणणं एवढंच, गरम काहीतरी हवं. दहा अंश थंडीत गार फोडी?

राजेंद्रनगरची सून
संशयी भाऊ, "कष्ट दिसले पाहिजेत" हे कष्ट न करणाऱ्याचं वाक्य आहे. जाऊबाईंचे कष्ट सगळ्यांना दिसले, फक्त त्या दिसल्या नाहीत. पण गरम हवं, हे मान्य. टोमॅटोचं सूप धरलं होतं. माणशी दीडशे मिली म्हणजे पाच लिटरच्या वर, आणि ३४ कप धुवायचे. नकोच वाटलं.

आता सराफ्याच्या भियांना एक सरळ प्रश्न. तुमच्या घरी गराडू कोण तळतं?

सराफ्याचा भिया
मी आणि धाकटा भाऊ. गच्चीवर शेगडी मांडून. बायका वर येतच नाहीत, खाली गप्पा मारतात. पोरं द्रोण नेतात-आणतात. वास कपड्यांना लागतो तो आमच्या. तुम्हाला काय वाटलं, मी नुसता बोलतोय?

राजेंद्रनगरची सून
वाटलं होतं खरं. माफ करा.

सराफ्याचा भिया
नियम थोडा बदला. पाहुणे आल्यावर *तुम्ही* कढईपाशी जायचं नाही. नवरा आणि दीर जातील. ३४ जणांना साडेचार किलो घ्या, सोलल्यावर माणशी शंभर ग्रॅम पडतो, पुढे मटण आहे तेव्हा भरपूर. उंदराएवढे तुकडे नकोत, बोटाच्या पेरापेक्षा जरा मोठे. आणि नऊ वाजता शेगडी विझवायची म्हणजे विझवायची. माईंचे उशिरा येणारे येवोत की न येवोत.

स्नेहलतागंजची माई
पुरुष तळणार असतील तर माझी काही हरकत नाही. तापलेलं तेल आणि पोरं मात्र एका गच्चीवर नको. द्रोण जिन्यात घ्या.

महूवाला
आणि पुडिंग?

राजेंद्रनगरची सून
छोटं करते, अर्धा किलोचं. मामांना सांगणार नाही, समोर आलं की बघतील. ब्रँडी पेटवणार नाही मात्र. ट्रायफल राहील, चायना ग्रासची जेली, दह्यातला बिनअंड्याचा केक तळाला, वाट्यांतून वेगवेगळं, म्हणजे दहाव्या चमच्याला त्याचा लगदा होणार नाही. प्लम केकसाठी सुका मेवा नोव्हेंबरातच रममधे भिजलाय, तो आता फेकवत नाही, तो अंडं खाणाऱ्यांचा.

नवऱ्याला गराडूचं सांगितलं. लगेच हो म्हणाला, मला संशयच आला. मग विचारतो, "सोलताना हात खाजतात ना गं त्याने?"

सराफ्याचा भिया
खाजतात. आधी हाताला तेल चोळायचं. त्याला सांगा, बाटली मी पाठवतो.